टक झालं, पण इंजिन फिरलं नाही
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : सेल्फ आणि इग्निशन

या वेळच्या पत्रांत सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) आणि इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) यांच्या तक्रारी जास्त आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी पार्ट बदलला आहे आणि बिघाड मात्र जागच्या जागी आहे. बॅटरी नवी, सेल्फ नवा, आणि मूळ दोष एका गंजलेल्या अर्थिंगच्या वायरीत, असं फार वेळा होतं. वाया गेलेल्या या पैशांचं वाईट वाटतं, म्हणून खालच्या उत्तरांत भर मोजण्यावर दिला आहे. डिजिटल मल्टीमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, 10 नंबरचा पाना आणि चावी फिरवायला एक माणूस, एवढ्यावर यातलं बहुतेक काम होतं. तपासणीआधी गाडी न्यूट्रलला हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि सैल कपडे, ओढणी, साखळी बेल्ट-पंख्यापासून लांब हवी.

प्रश्न : गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. चावी फिरवली की एकदाच ‘टक’ असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. चार-पाच वेळा प्रयत्न केला की एकदम चालू होते. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच बदलली. आता सेल्फ नवा टाकायला सांगतात. टाकू का? (वाचक, नाशिक)

लगेच टाकू नका. तुम्ही आवाज नीट ऐकून लिहिलात, त्याचा मोठा उपयोग आहे. ‘टक’ झालं म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंतचा, म्हणजे सेल्फवरच्या विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंतचा, बारीक करंटचा रस्ता बहुधा ठीक आहे. सोलेनॉइडने आपला दांडा ओढला, पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकललं. त्यानंतर जाड वायरीतून मोटरकडे जायला हवा तो मोठा करंट कुठेतरी अडतो आहे. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण 80 ते 150 अँपिअर ओढतो, डिझेलचा याहून बराच जास्त. एवढ्या करंटला रस्त्यात ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जळतात. म्हणूनच मल्टीमीटर ओहमवर ठेवून वायर तपासण्यात अर्थ नाही. जाड केबलची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवतो. मोजायचं ते सेल्फ मारत असताना, व्होल्टमध्ये.

आधी बॅटरी. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. मग व्होल्टेज बघा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढे जा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी असं समजू नका.

आता मीटरच्या दोन्ही काड्या बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा. वर बसवलेल्या क्लॅम्पवर नको. मग चावी फिरवायला सांगा. ‘टक’ होताना व्होल्टेज 12.3-12.4 वरच थांबलं, तर करंट वाहतच नाही. दोष सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट, सेल्फचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) किंवा केबल यांत आहे. व्होल्टेज एकदम 8-9 पर्यंत कोसळलं, तर करंट ओढला जातो पण मोटर फिरत नाही, म्हणजे सेल्फ जाम आहे किंवा बॅटरीच कमकुवत आहे. इंजिन नीट फिरत असताना 10 च्या आसपास किंवा वर राहिलं तर बॅटरी चांगली. 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी बाहेर काढून लोड टेस्टरवर तपासून घ्या.

मग अर्थिंग. लाल काडी इंजिनच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि सेल्फ मारा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगच्या पट्टीची दोन्ही टोकं सोडवा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट बसवा आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. पट्टी आतून हिरवी पडली असेल तर बदला. हा सगळ्यांत स्वस्त दोष आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षलेला.

तसंच पॉझिटिव्ह बाजूचं. लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी सोलेनॉइडच्या त्या जाड बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा. चावी न फिरवता इथे 12 दिसणारच, ते बरोबर आहे. ‘टक’ झाल्यावर ते 0.2 च्या आत यायला हवं. ‘टक’ होऊनही 12 च राहिले, तर आतली तांब्याची चकती आणि बोल्टांची डोकी जळून काळी पडली आहेत. इथे उतरले, म्हणजे मोटरपर्यंत व्होल्टेज पोचलं, आणि तरीही मोटर गप्प, तर कार्बन झिजले आहेत किंवा अडकले आहेत.

तुमच्या लक्षणावरून, म्हणजे चार-पाच प्रयत्नांनंतर एकदम उचलते यावरून, आमचा कल सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टकडे आहे. चकती थोडी फिरून चांगली जागा समोर आली की सेल्फ लागतो. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन फक्त कॉन्टॅक्ट किंवा फक्त सोलेनॉइड बदलून देतो, कार्बनही त्याच वेळी नवे टाकतो. आख्खा सेल्फ बदलायची गरज आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळलं किंवा बुश इतके झिजले की आर्मेचर आत घासतंय, तेव्हाच. आणि एक विनंती : सेल्फला हातोडीने ठोकू देऊ नका. कार्बन अडकले असतील तर ठोकून एकदा चालतो हे खरं, पण आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. ते तडकले की दुरुस्त होणारा सेल्फ भंगारात जातो.

‘टक’सुद्धा येत नसेल तर गोष्ट वेगळी. सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारायला सांगा. लॅम्प लागला नाही तर रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), चावीचा स्विच, क्लचचा स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा न्यूट्रल स्विच बघा. ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये लागत नाही पण ‘एन’मध्ये लागते, असं झालं तर दोष जवळजवळ सापडलाच.

प्रश्न : गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येतो. रोज चालवली तर तक्रार नाही. (वाचक, ठाणे)

हा भराभर आवाज म्हणजे बॅटरी उतरल्याची खूण. सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात, एक ओढणारं आणि एक धरून ठेवणारं. दांडा ओढला जातो, मोटर करंट मागते, बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, धरणाऱ्या वेटोळ्याचा जोर संपतो आणि दांडा सुटतो. सुटला की व्होल्टेज वर येतं आणि पुन्हा तेच. भरलेल्या बॅटरीवरही असा आवाज आला तर धरणारं वेटोळं तुटलं आहे असं समजावं, पण ते क्वचित.

तुमच्या गाडीत उभ्या उभ्या करंट गळतो आहे. सगळं बंद करा, दारं लॉक करा आणि निगेटिव्ह केबल व बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर जोडा. 30-40 मिनिटं थांबा, कारण गाडीतले कंट्रोल युनिट झोपी जायला वेळ लागतो. त्यानंतर 50 मिलिअँपिअरच्या आत असावं. हिशेब करून बघा : 50 मिलिअँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, 35 अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला पंधरवडा लागतो. 300 मिलिअँपिअर असतील तर तीच बॅटरी अडीच दिवसांत अर्धी. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाइनवर दोष. बाहेरून लावलेला म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर आणि डिकीचा दिवा आधी बघा. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

प्रश्न : सेल्फ नुसताच ‘घूंऽऽ’ करून फिरतो, इंजिन हलत नाही. कधी कधी ‘कर्रर्र’ असा दातावर दात घासल्यासारखा आवाज. (वाचक, कोल्हापूर)

हे दोन वेगळे दोष आहेत, वेगळे करून बघा. नुसतं ‘घूंऽऽ’ म्हणजे पिनियनमधला एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतो आहे. गॅरेजमध्ये त्यालाच बेंडिक्स म्हणतात. तो दुरुस्त करत नाहीत, बदलतात. फार महाग नाही. पिनियनच्या दांड्यावर जुनं ग्रीस घट्ट होऊन माती धरली असेल तर तेही स्वच्छ करून घ्या. जाड ग्रीस थापू नका, थंडीत तेच अडकतं.

‘कर्रर्र’ म्हणजे फ्लायव्हीलच्या रिंगचे दात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना प्रत्येक वेळी साधारण त्याच दोन जागांवर थांबतं. त्यामुळे पिनियनही कायम त्याच दातांवर आदळतं आणि रिंग समोरासमोर दोन ठिकाणी खाल्ली जाते. ओळखायला सोपं : चावी बंद, गाडी चौथ्या गिअरमध्ये, हाताने हातभर पुढे ढकला, न्यूट्रल करा आणि सेल्फ मारा. व्यवस्थित लागला तर रिंगच. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट बदलायचं काम जवळ आलं असेल तर दोन्ही एकाच वेळी करा. नवी रिंग तापवून फुगवतात, गरम असतानाच फ्लायव्हीलवर बसवतात आणि ती थंड होताना आवळते. ज्योतीने एकाच जागी लाल करून ठोकून बसवली तर दातांचं पाणी उतरतं, हे कारागिराला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी पेट्रोल पंपावर पाच मिनिटं गाडी बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. सकाळी कधीच त्रास नाही. तीन ठिकाणी दाखवलं, तिथे नेल्यावर गाडी चालूच असते. (वाचक, अकोला)

अकोल्याचं ऊन आणि बंद केलेल्या इंजिनाची धग, दोन्ही एकत्र आली की हा दोष वर येतो. इंजिन बंद झालं की कूलंट आणि हवा थांबते, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. गॅरेजला पोचेपर्यंत ती वेळ निघून जाते. त्यामुळे तपासणी त्याच पंपावर, त्याच क्षणी करायला हवी.

पत्रात एक गोष्ट राहिली आहे. त्या वेळी सेल्फ इंजिन फिरवतो का? फिरवत नसेल किंवा जड फिरवत असेल, तर सेल्फच. तांबं तापलं की त्याचा विरोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. 25 अंशांवरून 100 अंशांवर गेलं की ही वाढ 30 टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे सोलेनॉइडचा ओढण्याचा जोर कमी होतो, आणि त्यात रिलेचे कॉन्टॅक्ट जुने असतील तर दांडा पूर्ण ओढलाच जात नाही. गरम असतानाच बारीक वायरीवरचं व्होल्टेज मोजा. सेल्फ मारताना तिथे 9 च्या खाली असेल तर सोलेनॉइड नव्हे, चावीचा स्विच किंवा रिले बदला.

इंजिन मजेत फिरतं पण पेटत नाही, असं असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरवर. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. त्यात कुठेतरी तार तुटलेली असली, तरी थंड असताना टोकं टेकलेली राहतात. तापून फुगली की सुटतात. सिग्नल गेला की ईसीयूच्या (इंजिनाच्या कंट्रोल युनिटच्या) लेखी इंजिन फिरतच नाही, म्हणून ते स्पार्कही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीत साठलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जवळ ठेवा. आपल्याकडे एप्रिल 2013 पासूनच्या गाड्यांत त्याचं 16 पिनांचं सॉकेट हमखास सापडतं. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. 150 ते 250 दिसलं तर सेन्सर काम करतोय. शून्य दिसलं तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर. पी 0335 हा कोड साठवलेला असेल तर आणखी पक्कं. हाताशी पाणी असेल तर ओलं फडकं सेन्सरवर दोन-तीन मिनिटं धरा. लगेच गाडी उठली, तर आता शंका ठेवायचं कारण नाही. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, हात सांभाळा. नवा सेन्सर बसवताना टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा आणि जुनी ओ-रिंग परत वापरू नका.

आरपीएम दिसतं आणि तरी पेटत नाही, तर स्पार्क आणि पेट्रोल वेगळं करा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाचा ‘हूं’ असा आवाज यायला हवा. तापलेला पंपही असाच रुसतो, विशेषतः टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा, कारण पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच त्याच्याभोवती उरत नाही. स्पार्क टेस्टर लावून बघा. प्लग काढून हातात धरून स्पार्क बघायची जुनी सवय आता पूर्ण सोडा. आजच्या कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) 30-40 हजार व्होल्टपर्यंत जातात. माणसाला झटका बसतोच, शिवाय मोकळ्या सोडलेल्या वायरीमुळे कॉइल आतून फुटते. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिथे ठिणगी पाडणं म्हणजे आगीला बोलावणं. टेस्टर लावण्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा.

प्रश्न : बटण स्टार्टची गाडी. बटण दाबल्यावर डॅशबोर्ड उजळतो, पण सेल्फ लागत नाही. (वाचक, पणजी)

ब्रेक दाबलेला असतानाही असं होत असेल, तर मागे जाऊन कुणाला तरी ब्रेकचे दिवे बघायला सांगा. लागत नसतील तर पेडलवरचा ब्रेक स्विच गेला. गाडीला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही, म्हणून ती सेल्फला परवानगी देत नाही. हा लहानसा स्विच आहे, पण मागच्या गाडीला तुमचा ब्रेक दिसत नाही हा त्यातला खरा धोका, त्यामुळे आजच बदला. दिवे लागत असतील आणि डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर रिमोटचा सेल उतरला. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर 2032 असतो. तोपर्यंत रिमोट थेट बटणाला टेकवून दाबा. बहुतेक गाड्या तेवढ्या जवळून सेल नसतानाही किल्ली ओळखतात.

प्रश्न : कंपनी सीएनजी गाडी, 70 हजार किलोमीटर. पेट्रोलवर छान चालते. सीएनजीवर खंबाटकी घाट चढताना गाडी झटके देते, इंजिनचा दिवा लुकलुकतो. गॅसचा रेग्युलेटर बदलायला सांगितलं आहे. (वाचक, सातारा)

रेग्युलेटरला हात लावण्याआधी प्लग काढून बघा. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला आणखी व्होल्टेज हवं. फट झिजून मोठी झाली असेल तर आणखी. या तिन्ही गोष्टी घाटात एकत्र येतात आणि कॉइल कमी पडते. ठिणगीला मग दुसरी सोपी वाट सापडते, प्लगवर बसणारा रबरी बूट फोडून किंवा प्लगच्या चिनी मातीवरून बाहेर. सपाटीवर आणि पेट्रोलवर हीच कॉइल पुरते, म्हणून दोष गॅसचा वाटतो.

दिवा लुकलुकतो आहे, तेव्हा पाय हलका करा आणि लगेच पेट्रोलवर या. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आहे. तो वितळला तर त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच आले असते.

कोड वाचा. पी 0301 म्हणजे पहिला सिलिंडर मिस, पी 0302 दुसरा, असं पुढे. समजा तिसरा निघाला. तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावा, पहिल्याची तिसऱ्याला, कोड पुसा आणि पुन्हा घाट चढा. कोड पहिल्यावर सरकला तर कॉइल खराब. तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, आणि प्लग बदलूनही राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. एक रुपया न खर्चता एवढं कळतं. पी 0300 आला, म्हणजे सगळेच आलटून पालटून मिस, तर मात्र गॅसचा दाब आणि फिल्टर तपासायला हरकत नाही.

प्लग उन्हात धरून बघा. चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल, तर ठिणगी बाहेरून पळाली आहे. प्लग आणि बूट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुन्यावरचा काळा मार्ग नव्यालाही खराब करतो. धातूच्या कडेला लागून गोल तपकिरी डाग असेल तर घाबरू नका, तो उच्च दाबाच्या विजेने हवेतल्या तेलकट कणांचा चढलेला थर असतो. फट कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. सीएनजीला ती पेट्रोलपेक्षा थोडी कमीच असते, बऱ्याच गाड्यांत 0.7 ते 0.8 मिलिमीटर. इरिडियमचा प्लग असेल तर त्याच्या मधल्या बारीक टोकाला गेज लावून फट वाकवू नका, टोक तुटतं.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी बोटांनी फिरवत शेवटपर्यंत न्या. 14 मिलिमीटरचा नवा वॉशरवाला प्लग हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे, टॉर्क पाना असेल तर 25 ते 30 न्यूटन-मीटर. 12 मिलिमीटरच्या प्लगला 15 ते 20 बस. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने पाना खोटं सांगतो आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

प्रश्न : गाडी सुरू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहतो. एकदा चावी काढल्यावरही चालू होता. (वाचक, परभणी)

हा प्रश्न पुढच्या अंकापर्यंत थांबण्यासारखा नव्हता, गाडी तोवर चालवू नका. असं पुन्हा झालं तर आधी चावी बंद करा, इंजिन थांबू द्या आणि लगेच बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. यासाठी 10 नंबरचा पाना डिकीत नव्हे, हाताशी ठेवा. इंजिन चालू असताना केबल काढू नका, अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

चावी काढूनही फिरतो म्हणजे रिलेचे किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले आहेत. केबल परत जोडण्याआधी सेल्फचा रिले काढून घ्या. रिले नसतानाही फिरला तर सोलेनॉइड. नाही फिरला, तर चांगला रिले लावून बघा. तरीही फिरला तर चावीकडून रिलेकडे येणारी वायर कुठेतरी पॉझिटिव्हला टेकते आहे, उंदरांनी कुरतडलेली जागा शोधा. कॉन्टॅक्ट चिकटण्याचं मूळ कारण बहुतेकदा कमकुवत बॅटरी असते. कमी व्होल्टेजवर कॉन्टॅक्ट थरथरतात, ठिणग्या पडतात आणि तांबं वितळून चिकटतं. म्हणून रिले बदलून थांबू नका, बॅटरी आणि अर्थिंगही वर सांगितल्याप्रमाणे मोजा.

प्रश्न : घरची प्रीमियर पद्मिनी हौसेने जपली आहे. पॉइंट आणि प्लग नवे टाकले, तरी सुरू व्हायला त्रास आणि पॉइंट महिन्याभरात काळे पडतात. टायमिंग घरी कसं तपासायचं? (वाचक, मुंबई)

पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, महिन्यात जळतात याचा अर्थ कंडेन्सर बघा. पॉइंट उघडताना करंट ठिणगी होऊन त्यांच्यावरूनच उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो करंट पोटात घेतो, म्हणून कॉइलमधलं चुंबकत्व झटकन कोसळतं आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर गेला तर पॉइंट निळसर-काळे जळतात आणि प्लगची ठिणगी निळी-पांढरी न राहता पिवळी, मरगळलेली पडते. पॉइंटबरोबर कंडेन्सरही नवा टाकायचा हा जुन्या मिस्त्रींचा नियम बरोबर आहे. पण आज मिळणारे नवे कंडेन्सरही कधी कधी कच्चे निघतात, त्यामुळे चालणारा जुना फेकू नका. त्याचा पत्रा आणि स्क्रू घासून स्वच्छ हवा, त्याचं अर्थिंग तिथूनच आहे.

दुसरं कारण बसवण्यातलं. नव्या पॉइंटवर गोदामातलं तेल असतं, ते जळून काळं पडतं. बसवण्याआधी स्वच्छ कोरडा जाड कागद दोन पॉइंटांमधून ओढा. कॅमवर ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवरच येतं. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आली की फट 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या मध्ये ठेवा. फट आधी लावा आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर, कारण फट बदलली की टायमिंग आपोआप सरकतं. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून जाऊ नका. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापत राहते.

टायमिंगला टेस्ट लॅम्प पुरतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकावर अंगठा धरा आणि इंजिन हाताने फिरवत राहा. अंगठ्याला हवा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेशी आणा. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) टोपण काढून बघा, आत फिरणारा रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे तोंड करून असायला हवा. इथून पुढचा क्रम 1-3-4-2, वायरी त्याच क्रमाने आहेत ना ते बोट ठेवून मोजा. आता लॅम्पचं एक टोक कॉइलच्या त्या बारीक टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, दुसरं टोक अर्थला. चावी ऑन करा. डिस्ट्रिब्युटरचा खालचा बोल्ट सैल करून तो आधी रोटर फिरतो त्याच दिशेला थोडा वळवा, लॅम्प विझेल. मग उलट दिशेला अगदी केसाकेसाने आणा. ज्या क्षणी लॅम्प लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले, ठिणगी तिथेच पडते. बोल्ट तिथे आवळा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, आणि खूण जुळतानाच लॅम्प लागतो का ते पुन्हा बघा. बोल्ट आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतो, त्यामुळे बहुतेकांना हे दोनदा करावं लागतं.